भांडं, चूल आणि आच

बोरतांड्यात पोळ्यापासून एक बातमी फिरत होती, की तानाबाई आडेच्या अंगात साहेब येतो. साधासुधा नाही, इंग्रजी बोलणारा. शाळेच्या खिचडीचे तांदूळ निवडता निवडता तिचे डोळे एका जागी थांबतात, ओठ हलायला लागतात आणि आतून आवाज निघतो, नाऊन, वर्ब, आडवर्ब. पिठाच्या गिरणीवर पोहोचेपर्यंत साहेबाला टोपी आली होती आणि दिग्रसच्या जीपमध्ये बसेपर्यंत घोडा. बातमी कोणी सोडली ते विचारू नका, शेजारपाजार म्हटला की एवढं चालायचंच. उतारा म्हणून एका म्हातारीनं लिंबू सुचवलं, दुसरीनं कोंबडा. कोंबडावालीला रश्श्याची आशा होती हेही सगळ्यांना ठाऊक.

खरी गोष्ट लिंबाच्याही लायकीची नव्हती. तानाबाई एकोणीस वर्षांपासून शाळेत पोषण आहार शिजवते. शाळा पाचवीपर्यंतची, खोल्या दोन, पोरं तेवीस. स्वयंपाकाचं टिनाचं शेड मोठ्या वर्गाच्या खिडकीला चिकटलेलं, आणि त्या खिडकीची कवाडं कोणत्या वर्षी गेली ते ग्रामपंचायतीलाही आठवत नाही. वर्गात जे म्हटलं जाई ते सगळं तानाबाईच्या कानावरून जाई. जाई, थांबत नसे. कारण डोक्यात आधीच गर्दी असायची. किसनसिंगच्या भाकरी, बकरीचं दुखणं, समोरच्या गंगीशी काल अर्धवट राहिलेलं भांडण. श्रावणात किसनसिंग गेला आणि ती गर्दी उठून गेली. मग रिकाम्या जागेत जे कानावर पडेल ते येऊन बसायला लागलं. तेव्हा चौथी-पाचवीच्या पोरांना इंग्रजीतले शब्दांचे प्रकार चालू होते. वाक्यातला नाउन ओळखा, व्हर्ब ओळखा, ॲडव्हर्बखाली रेघ मारा. पाढे चालू असते तर बाई पाढे पुटपुटली असती, आणि गावानं तिच्या अंगात एखादा वाणी आणला असता.

किसनसिंग म्हणजे तिचा नवरा. माणूस उंच, बोलणं कमी, विडी जास्त. त्या दिवशी तो निंदण सोडून शाळेच्या हापशीवर पाणी प्यायला आला. पाणी प्याला, हापशीच्या ओट्यावर बसला आणि बसूनच राहिला. पाचवीतली खुशी, जिच्या तोंडाला कधी टाळा लागत नाही ती, शेडमध्ये आली आणि हळूच म्हणाली, "याडी, बाबा उठून नाई राह्यला."

तांड्यातली सगळी पोरं तानाबाईला याडी म्हणतात, म्हणजे आई. तिला स्वतःचं लेकरू नाही.

तानाबाईनं चुलीतली लाकडं मागं ओढली. त्यांच्यावर पाणी मारलं. भाताच्या गंजावर झाकण ठेवलं, लुगड्याला हात पुसले आणि हापशीकडे गेली. चालत. नवऱ्याचा खांदा हलवून पाहिला. त्याच्या शेजारी बसली. अर्पिता मॅडम, शाळेच्या एकुलत्या एक शिक्षिका, धावत आल्या आणि रडायला लागल्या, तशी तानाबाई त्यांना म्हणाली, "पोरायले वाढून घ्या मॅडम, भात गिचका होते."

झालं. गावानं हे वाक्य उचललं आणि अजून खाली ठेवलेलं नाही. नवरा ओट्यावर आणि हिला भाताची पडली! मातीला गेलेल्या बायका तिच्या डोळ्यांकडे बघत होत्या, विहिरीला पाणी लागतं का ते बघतात तशा. पाणी लागलं नाही. दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही. "धावली असती तरी समजलं असतं," गंगी म्हणाली. "अशी चालत गेलती जशी दुकानात मीठ आनाले चालली."

गंगी सहज मिठाचं बोलली, तिला माहीत नव्हतं, पण तानाबाईचं मीठच गेलं होतं. तेराव्यानंतर तानाबाई कामावर आली, खिचडी टाकली, चमच्यानं तळहातावर घेऊन चाखली आणि तिला काहीच लागलं नाही. पुन्हा मीठ टाकलं. पुन्हा काही नाही. त्या दिवशी तेवीस पोरांनी हापशी कोरडी केली. दुसऱ्या दिवसापासून ती चाखायला खुशीला बोलवायला लागली. खुशी तळहात चाटून एका डोळ्यानं आभाळाकडे बघायची आणि निकाल द्यायची, "अजून अर्धी मूठ." हातांचंही तसंच. गरम गंज ती फडक्याशिवाय उचलायची. मॅडम ओरडल्यावर फोड आलाय हे तिला दिसायचं, कळायचं नाही. घरी जायची, झोपायची, उठायची. कोणी बोलावलं तर ओ द्यायची. बाई बिघडली नव्हती, थांबली होती. लाइट गेल्यावर पंखा दिसतो तसा, जागच्या जागी, धूळ खात.

भाद्रपदात अर्पिता मॅडमच्या मागे मतदार यादीचं काम लागलं. घरोघर फिरा, नावं तपासा, तहसीलला जाऊन बसा. मॅडम दारव्ह्याच्या, येणं-जाणं जीपनं. दुसऱ्या शिक्षकाची जागा रिकामी, ती कधी भरणार हा प्रश्न गावात कोणी विचारतसुद्धा नाही. मॅडम सकाळी यायच्या, फळ्यावर दहा वाक्यं लिहायच्या, "शब्दांचे प्रकार ओळखून ठेवा रे," म्हणायच्या आणि निघून जायच्या. खालच्या वर्गातली पोरं शाळाभर उधळायची. चौथी-पाचवीचे नऊ जण मात्र शेडच्या सावलीत येऊन बसायचे, कारण तिथं वास यायचा.

"याडी, डॉग म्हंजे कुत्रा. कुत्र्याले काय म्हनाचं?" खुशीनं एक दिवस विचारलं.

"कुत्राच म्हनाचं. दुसरं काय म्हनशीन?"

"तसं नाई वो. नाऊन का वर्ब?"

तानाबाईला नाऊन म्हणजे काय हे माहीत नव्हतं. तो शब्द महिनाभर डोक्यात पडून होता, न उघडलेल्या पोत्यासारखा. ती चुलीत घालायला तुराट्या मोडत होती. म्हणाली, "त्याच्यावर हात ठेवता येते का?"

"चावते तो."

"म्हंजे येते. मंग थे भांडं समज. पुढं काय हाय?"

"बार्क्ड. म्हंजे भुकला."

"थे काम. चूल लागली म्हंजे काम सुरू. थे चूल."

"अन् लाउडली? म्हंजे जोरानं."

तानाबाईनं चुलीत दोन तुराट्या सारल्या, जाळ भुर्रकन वर आला. "चूल कशी जळून राह्यली? जोरानं का हळू? थे आच," ती म्हणाली.

तेवढंच. शिकवायचं तिच्या मनातही नव्हतं. पोरांनी वाक्य वाचायचं, अर्थ सांगायचा आणि तिनं काम करता करता जागा दाखवायची. काळा, मोठा, गोड, हे भांड्यात पडतं, म्हणून मसाला. वर, खाली, मध्ये, म्हणजे भांडं कुठं टेकलं ते, म्हणून चुंबळ. दोन गोष्टी जो धरून ठेवतो तो अँड, म्हणजे सांडशी. पोरांना हे इतकं पटलं की त्यांनी पाठ्यपुस्तकात, शाळेच्या भिंतीवर आणि एकानं तर बापाच्या फवारणीच्या पंपावरच्या इंग्रजी चिठ्ठीवर रेघा मारून खाली भांडं, चूल, आच लिहून टाकलं. मास्तर नसताना वर्ग शांत, असा चमत्कार बोरतांड्यानं पहिल्यांदा पाहिला, आणि अर्थातच कोणाला तो आवडला नाही.

एकदा खुशीनं वाचलं, "शी वॉक्ड स्लोली." मग अर्थ सांगितला, "ती हळू चालली."

तानाबाई कांदा चिरत होती. हात थांबला. हापशीपर्यंतची जमीन डोळ्यांपुढं आली, वीसेक पावलांची. ती तेव्हा धावू शकली असती. चप्पल पायात होती, वाटेत काही आडवं नव्हतं. का धावली नाही हे तिनं स्वतःला कधी विचारलं नव्हतं, आत्ताही विचारलं नाही. कांद्यानं बाकीच्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं.

"याडी, सांग न. हळू म्हंजे?"

"आच," ती म्हणाली. "कमी केलेली." आणि पुन्हा कांदा चिरायला लागली.

दिवाळीच्या आधी केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांची मिळून, चाचणी झाली. पेपर तपासायला दुसऱ्या गावच्या शाळेत गेले, आणि तिथल्या गुरुजींना नऊ उत्तरपत्रिका अशा सापडल्या की इंग्रजी वाक्यांतल्या शब्दांखाली नाउन नाही, व्हर्ब नाही, नऊच्या नऊ पोरांनी सुबक अक्षरात भांडं, चूल, मसाला, आच लिहिलेलं. गुरुजींनी आधी शून्य दिलं, मग फोटो काढला, मग तो ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत पाच तालुक्यांतले मास्तर हसून हसून दमले.

नेमक्या त्याच आठवड्यात गंगीचा अर्जही पोहोचला. मॅडम शाळेत नसतात आणि स्वयंपाकीण मुलांना उलटंसुलटं शिकवते, तरी तिला काढून गरजू महिलेला काम द्यावं. गरजू महिला म्हणजे गंगीची सून. अर्ज गिरणीवर बसून लिहिला होता, त्यामुळे साहेबांच्या आधी गावानं वाचला.

अर्पिता मॅडम शेडमध्ये आल्या, चेहरा उतरलेला. "याडी, केंद्रप्रमुख येणार आहेत उद्या. चौकशी आहे. तुमचं काम जाईल हो. मला तर नोटीस नक्की."

"हो का," तानाबाई म्हणाली.

"तुम्हाला काहीच वाटत नाही का?"

तिला काय वाटतंय हे पाहायला ती खरंच आत गेली, पण तिथं तसं काही सापडलं नाही. एकच गोष्ट होती. काम गेलं तर अकरा वाजता कुठं बसायचं? सकाळ कशीही निघते. संध्याकाळी अंधार पडतो, पुढचं तो बघून घेतो. पण अकरा वाजता घरात ऊन बरोबर खुंटीवर येतं आणि खुंटीवर किसनसिंगचा सदरा आहे. इथं अकरा वाजता फोडणी असते.

"उद्याचे तांदूळ काढून ठेवते," ती म्हणाली.

केंद्रप्रमुख म्हणजे अब्दुल गनी साहेब. निवृत्तीला आलेले, दाढी पांढरी, मोटारसायकल त्यांच्याहून पांढरी. कधी काळी स्वतः इंग्रजीचे मास्तर होते आणि त्या काळातली पोरं आता भेटली तर अजून 'आय ॲम गो' म्हणतात, हे त्यांचं खासगी दुःख. त्यांनी शाळेत येऊन नऊ उत्तरपत्रिका टेबलावर पसरल्या आणि तानाबाईला खिडकीतूनच हाक मारली. दाराबाहेर गंगी उभी होती, सूप घेऊन. सुपात काहीच नव्हतं.

"बाई, तुम्ही शिकवता का या पोरांना?"

"मी सैपाक करते, साहेब."

"मग ही आच कोणाची?"

"चुलीची."

पोरं खिदळली. साहेबांनी डोळे वटारले आणि खडू उचलला. फळ्यावर लिहिलं, द रेड बुल रॅन व्हेरी फास्ट. "कोण सांगते? चलो."

खुशी उठायच्या आत नऊही ओरडले. रेड मसाला! बुल भांडं! रॅन चूल! फास्ट आच!

"बुल भांडं?" साहेब म्हणाले.

"हात ठेवता येते, सर," एकजण म्हणाला.

"अच्छा. अन् व्हेरी?"

हा शब्द शेडच्या सावलीत कधी आला नव्हता. खुशीनं खिडकीकडे पाहिलं. अर्पिता मॅडमनी डोळे मिटले. तानाबाई चुलीपुढं उकिडवी बसली होती, पाठ वर्गाकडे.

"व्हेरी म्हंजे काय होते?" तिनं मागं न बघता विचारलं.

"लय," खुशी म्हणाली. "लय जोरानं पळाला."

"मंग फुकनी. थे आचेलेच लागते, भांड्याले नाई."

गनी साहेब फळ्याकडे बघत राहिले. खडूचा हात वर होता, तो तसाच राहिला. मग ते खुर्चीवर बसले, चष्मा पुसला आणि एकेक उत्तरपत्रिका पुन्हा पाहायला लागले. बोटानं शब्द, बोटानं रेघ. अर्ध्या तासात त्यांनी एकदाच तोंड उघडलं. म्हणाले, "जागा तं सगळ्या बरोबर हायेत यार."

आता गंमत अशी, की या सगळ्यात खुशी वर्गात अडकली होती, आणि खिचडी चाखायला कोणी नव्हतं. तानाबाईनं आठवणीनं मीठ टाकलं. मग टाकलं की नाही ते आठवेना, म्हणून पुन्हा टाकलं. साहेबांना ताट दिलं. नियमाप्रमाणे पोरांच्या आधी कोणीतरी जेवण चाखून चव रजिस्टरमध्ये लिहावं लागतं, आणि आज तो मान साहेबांचा होता. साहेबांनी पहिला घास घेतला. पाणी प्याले. दुसरा घास घेतला, पाणी प्याले. तिसऱ्या पेल्याला तानाबाईनं विचारलं, "जास्त झालं का, साहेब?"

"नाही नाही. ऊन आहे बाहेर."

"मले समजत नाई आजकाल," ती म्हणाली. तक्रार नव्हती, माहिती होती.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे. मॅडमनी हापशीकडे डोळे केले. साहेबांनी ताट संपवलं, शीत ठेवलं नाही, आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, चव ठीक. पोरांच्या खिचडीत मात्र गुपचूप साधा भात मिसळायला लावला.

मग चौकशीचा कागद काढला. आपण काय लिहितोय ते मोठ्यानं म्हणत लिहिणं ही त्यांची जुनी खोड, त्यामुळे दारातल्या सुपालाही सगळं ऐकू गेलं. मुलांना शब्दांचं काम समजलं आहे. नावं मात्र आपल्या मनाची लिहिली आहेत, ती मॅडमनी आठ दिवसांत सुधारून घ्यावी. स्वयंपाकी बाई शिकवत नाहीत, मुलंच विचारतात. मुलांनी चुलीजवळ बसू नये, धोका आहे. शेडपासून पाच हात अंतरावर चुन्याची रेघ मारावी.

"बाई, इथं अंगठा द्या. अन् यापुढं शब्दायची नावं बदलू नका."

"मले त्यायची नावं माहीत नोती, साहेब. मी आपली ठेवली."

"हम्म."

अंगठा देऊन ती उभी राहिली. शाई पुसली नाही. साहेब उठले तरी ती तिथंच. शेवटी म्हणाली, "उद्या येऊ का मंग?"

"कुठं?"

"इथं. अकरा वाजता."

गनी साहेबांना प्रश्न नीट समजला नसावा, पण उत्तर त्यांनी लगेच दिलं. "या की. अकराच्या आधीच या. पोरं उपाशी ठेवता का?"

तानाबाईनं मान हलवली आणि भांडी घासायला गेली. आनंद झाला असेल तर त्यानं आल्याची वर्दी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी साडेदहालाच शेडमधून धूर निघाला. मॅडम त्या दिवशी शाळेत होत्या. पोरं मधल्या सुट्टीत चुन्याच्या रेघेवर ओळीनं बसली, पायाची बोटं बरोबर रेघेला लावून, आणि तिथून ओरडून विचारायला लागली. पूर्वी विचारणं गुपचूप होतं, आता अख्ख्या तांड्याला ऐकू जातं, एवढाच काय तो चौकशीचा परिणाम. नावं मात्र दोन्ही म्हणतात. ॲडव्हर्ब, कंसात आच.

धूर पाहून गंगी आली. काम गेलं नाही हे तिला कालच कळलं होतं, पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिला कधी काही पचत नाही. शेडच्या टिनाला टेकून ती उभी राहिली. पोरं ऐकतायत, खिडकीत मॅडम आहेत, म्हणून आवाज जरा वरचा लावला.

"काय वो ताना! मोठी मास्तरीन झाली म्हनते तू. साहेबाले घोळात घेतलं. नवरा गेला तं डोयात थेंब नाई आला, अन् इंग्रजी बरी आली तुले?"

तानाबाईनं गंजावरचं झाकण काढलं, वाफ जाऊ दिली. चमच्यात खिचडी घेतली, फुंकली आणि चमचा गंगीपुढं धरला.

"रडू आलं का नाई थे मले नाई समजत, गंगे. मीठबी नाई समजत. आलीच हायस तं चाखून सांग, कमी हाय का जास्त."